विळ्याच्या खुणेचा रुपया

दूधवाल्यानं माप ओतलं की भोजराज टेंभुर्णे ते दूध पुन्हा आपल्या मापानं मोजून बघायचा. मीटर वाचणारा आला की हा त्याच्या मागे काठी घेऊन उभा, जणू मीटरच पळून जाणार आहे. बसमध्ये कंडक्टरनं तिकीट दिलं की त्याच्या दोन्ही बाजू वाचून मगच खिशात. अर्जुनी मोरगावपासून तीन कोसांवर, तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या पायथ्याशी, त्याचं गाव. गावात लोक म्हणायचे की भोजराजला सूर्य उगवला म्हणून सांगितलं तर तो आधी कोंबड्याला विचारून येईल. वय सदुसष्ट झालं, गुडघे गेले, दात गेले, पण संशय मात्र जागच्या जागी होता.

भोजराजचा धंदा भांड्यांवर नावं घालण्याचा. लग्नसराईत भांड्यांच्या दुकानाबाहेर पोतं अंथरून बसायचं, पुढे छिन्नी आणि छोटी हातोडी, आणि गिऱ्हाईक आणेल त्या पाण्याच्या गुंडावर, परातीवर, गंजावर टिकटिक करत नाव कोरायचं. अमक्याकडून तमक्याला सप्रेम भेट, खाली गाव आणि तारीख. दिवाळीनंतर झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे दंडारीच्या नाचागाण्याची जत्रा, भरली की तिथं वेगळं गिऱ्हाईक. पोरं जुना रुपया दगडावर घासून एका बाजूनं गुळगुळीत करून आणायची आणि त्यावर नाव कोरून घ्यायची. तो रुपया मग कोणाच्या तरी गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात जायचा. कोणाच्या, ते विचारायचं नसतं. भोजराजनं असे शेकड्यानं रुपये कोरले. आता आहेर पाकिटातून येतो, भांडी खोक्यात बंद येतात आणि मंडईतली पोरं मोबाइलमधून एकमेकांना बदाम पाठवतात. त्यामुळे त्याच्या हातोडीला काम उरलं नाही.

इथं एक गोष्ट सांगून टाकायला हवी, जी भोजराज स्वतः मेला तरी सांगणार नाही. पहिली आठ वर्षं त्यानं ही सगळी नावं कोरली तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. दुसरीतून शाळा सुटली ती म्हशींमागे. पुढे मामानं हातात छिन्नी दिली आणि सांगितलं, वाचायचं नाही, बघायचं आणि काढायचं. ज्या बौद्ध वस्तीत घराघरात शिक्षणाचं वेड, पोरगं नापास झालं तर बाप दोन दिवस जेवत नाही, त्या वस्तीतला हा माणूस. त्याला ती लाज फार जाळायची. म्हणून त्यानं ती झाकून ठेवली.

झाकायची त्याची रीत होती. गिऱ्हाईक चिठ्ठी द्यायचं. भोजराज आधी भांड्यावर एक लांबच लांब आडवी रेघ मारायचा, अंगणात कपड्यांची दोरी बांधतात तशी, आणि मग चिठ्ठीतला एकेक आकार त्या दोरीवर वाळत घालायचा. एक शब्द कुठं संपतो आणि दुसरा कुठं सुरू होतो हे त्याला कळत नसल्यामुळे मध्ये जागा सोडायचा प्रश्नच नव्हता. लोकांना वाटायचं, ही याची ढब आहे. दुसरी रीत अशी की मान वर करायची नाही. मान वर केली, नजरेला नजर भिडली, की कोणी तरी म्हणणार, जरा वाचून दाखव बरं. म्हणून त्यानं आठ वर्षांत गिऱ्हाइकांचे फक्त हात पाहिले. रापलेले, मेंदीचे, शाईचे, बिडीनं पिवळे पडलेले.

झाकलेलं एक दिवस उघडं पडलंच. ब्याऐंशी सालच्या लग्नसराईत दोन-तीन टवाळ पोरांनी पाण्याचा एक पितळी गुंड आणला, चिठ्ठी दिली, भोजराजनं मान खाली घालून कोरलं. आपल्याकडे मांडवात आहेर भोंग्यावरून वाचून दाखवतात. तिथं भोंगेवाल्यानं तो गुंड उचलला आणि झोकात वाचलं, “व्याही चोर आहे!” मांडव आधी गार पडला आणि मग फुटला. दुसऱ्या दिवशी तो व्याही सहा माणसं घेऊन बाजारात हजर. गुंड भोजराजच्या पुढ्यात आपटून म्हणाला, “वाच काय लिवलं हाय.” भोजराज गुंडाकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, “नाव हाय.” तेव्हा जी थप्पड बसली तिचा आवाज स्टेशनापर्यंत गेला म्हणतात. थप्पड तो विसरला. पण अख्खा बाजार हसत होता, ते विसरला नाही. त्या दिवसापासून त्याचा कागदावरचा, माणसांवरचा, सगळ्यावरचा विश्वास उडाला.

आणि नवल बघा, त्यानंतर सहा महिन्यांत त्याच्यासाठी स्थळ सांगून आलं. तेही अर्जुनीचं, पोरगी दहावी पास, बाप रेल्वेत गँगमन. पोरीचं नाव अल्का. ज्याला सगळा तालुका हसतोय त्याला दहावी पास पोरगी? भोजराजच्या आईनं देवाचे नाही तर नशिबाचे आभार मानले. भोजराजला मात्र डाळीत काळं दिसलं. पोरीला मिरगी येत असेल, एखादा पाय आखूड असेल. त्यानं चौकशी केली. काही निघालं नाही. लग्न झालं. लग्नानंतर अल्कानं सुपात तांदूळ पसरले आणि त्यात त्याचं बोट धरून फिरवलं, क, ख, ग. चार महिन्यांत तो वाचायला लागला. तेव्हापासून त्याची कोरायची रीतही बदलली. आधी अक्षर, मग त्याच्यापुरती रेघ, मग बोटभर जागा.

पण तो जुना काटा काही निघाला नाही. हिनं मला का केलं? एक्केचाळीस वर्षांत त्यानं तीनदा विचारलं. तिन्ही वेळा ती हसून म्हणाली, “माहं नशीबच फुटकं.” आणि उठून कामाला लागली.

यंदाच्या कार्तिकात, थंडी पडायच्या आधी, अल्कानं गोधड्या उन्हात टाकल्या आणि ती विहारात गेली. भोजराज राखणीला बसला होता, कारण वाळत घातलेली गोधडी कोणी नेत नाही यावरही त्याचा विश्वास नव्हता. बसल्या बसल्या त्यानं अल्काची जुनी गोधडी उलटी केली, तेव्हा कोपऱ्यात काही तरी कडक लागलं. चाचपलं. गोल होतं. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं, असेल काही. भोजराजनं ब्लेड आणलं.

आतून चांदीचा रुपया निघाला. एका बाजूला विलायतेच्या राजाचं डोकं. दुसरी बाजू घासून गुळगुळीत केलेली, आणि तिच्यावर कोरीव काम. त्यानं चष्मा पुसला. आडव्या एकाच रेघेवर, मध्ये कुठं श्वास घ्यायलाही जागा न सोडता, लिहिलं होतं: होयकीनाही, मग एक खूण, आणि खाली अल्का.

होय की नाही? अल्का.

काम कोणाचं, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. ती दोरी त्याचीच होती. लग्नाआधीची, बिनअक्षरी भोजराजची. आणि ती खूण! ती बघताच त्याला त्रेचाळीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली, कारण तसली खूण त्यानं आयुष्यात दुसऱ्यांदा कोरलीच नव्हती. भांडं देताना कोणी प्रश्न विचारत नाही. एक्क्याऐंशीची अर्जुनीची मंडई, लिंबाखाली तो पोत्यावर बसलेला, आणि चिठ्ठीत शेवटी एक वाकडा आकार, खाली ठिपका. त्याला वाटलं होतं, विळा असेल, शेतकऱ्याच्या घरचं काही असेल. त्यानं झोकदार विळा काढला होता. हात पोरीचा होता. रुपया तिच्या हातावर ठेवला तरी तो हात काही हलला नव्हता. घासाघीस करते आहे असं समजून त्यानं मजुरीतले चार आणे परत त्या हातावर टाकले, तेव्हा कुठं तो हात गेला.

म्हणजे ती अल्का होती. अल्कानं कोणाला तरी विचारलं होतं, होय की नाही. आणि रुपया आज तिच्याचकडे आहे, म्हणजे त्या कोणा तरीनं तो परत केला. म्हणजे उत्तर नाही होतं. म्हणजे मग भोजराज. उरलेला. ताटात दुसरं काही नाही म्हणून वाढलेलं.

एक्केचाळीस वर्षांच्या प्रश्नाला असं उत्तर मिळालं आणि ते त्यानं स्वतःच्या हातानं कोरलेलं होतं. भोजराजला रडू आलं नाही, राग आला. रागाला चेहरा लागतो. तो शोधायला त्याला फार लांब जावं लागलं नाही.

देवचंद कापगते. शाळेत अल्काच्या वर्गातला, पुढे भोजराजचा दोस्त. खरं तर एकुलता एक दोस्त, कारण भोजराजच्या संशयाला पुरून उरलेला माणूस तेवढाच. पाळीखालच्या चांगल्या धानाच्या बांध्या, पूर्वजांनी तलाव खोदलेला, कोहळी जातीचं भरलं घर. दर बुधवारी भोजराजकडे चहाला यायचा. चहाला! आता भोजराजला बुधवार न् बुधवार आठवायला लागला. अल्का त्याच्या कपात साखर कमी घालायची, न विचारता. तिला कसं माहीत? कोहळ्याच्या पोरानं त्या काळी बौद्धाची पोरगी करणं म्हणजे गाव पेटलं असतं. म्हणून नाही म्हणाला असणार भित्रा. सगळं जुळत होतं. संशयाचं असंच असतं, एकदा खुंटी ठोकली की सगळे कपडे तिच्यावरच टांगता येतात.

तो तडक पाळीवर गेला. देवचंद बांधीत धानाच्या भाऱ्या मोजून घेत होता.

“जय भीम गा भोजराज! इकडे कसा काय वाट चुकला?”

“मले सारं समजलं,” भोजराज म्हणाला. रुपया त्यानं मुठीत धरला होता, दाखवला नाही. पुरावा लगेच दाखवायचा नसतो, हे त्याचं मत.

“काय समजलं?”

“तवाचं. आमचं लगन व्हाच्या आधीचं. तुनं केलं ते.”

देवचंदच्या तोंडावरचं हसू गळालं. त्यानं हातातली भारी खाली ठेवली, मजुरांकडे बघितलं आणि भोजराजला धरून बाजूला नेलं. “कोनं सांगतलं? अल्कानं?”

भोजराजनं रुपयावरची मूठ आवळली. “म्हंजे तिले मालूम हाय.”

“तिलेच त मालूम होतं. दुसऱ्या कोनाले नोतं. मी हात जोडले तिले, म्हटलं भोजराजले सांगू नोको.” देवचंदचे डोळे पाण्यानं भरले. “तवा अक्कल नोती गा. वय तसं होतं. चार पोरं भेटली, डोकं फिरलं. नंतर लय वेळा वाटलं सांगावं, पन तुया घरचा च्या पेल्यावर जीभ उचलेच ना. आता या वयात पाया पडू का तुया?”

भोजराजनं आपला हात सोडवून घेतला आणि चालू लागला. मागून देवचंद हाका मारत होता. त्यानं वळून पाहिलं नाही. पाळीवरून घरापर्यंतचा रस्ता त्याला एवढा लांब कधीच वाटला नव्हता. पस्तीस वर्षांचे बुधवार, त्याच्याच घरात, त्याच्याच खाटेवर. आणि दोघांनाही माहीत. हसत असतील त्याला, बाजारासारखे.

अल्का परत आली होती. ओसरीत बसून सुपात तांदूळ निवडत होती. भोजराज तिच्या पुढ्यात उभा राहिला आणि त्यानं रुपया सुपात टाकला. तांदूळ उडाले.

अल्कानं रुपया बघितला, उसवलेल्या गोधडीकडे बघितलं. घाबरली नाही. “सापडला का,” एवढंच म्हणाली.

“कोन होता तो?”

“कोन?”

“ज्याले इचारलं होतं ते. होय की नाई. कोन होता?”

अल्काला हसू फुटलं, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी. “याचाच भेव होता मले. येवढी वरसं म्हनूनच शिवून ठेवला. म्हटलं, या मानसाच्या हाती रुपया देल्ला त पहिलेछूट इचारन, कोनासाठी कोरला होता? आन तेच इचारलं तुमी.”

“गोष्ट फिरवू नोको. देवचंद कबूल झाला.”

“काय कबूल झाला?”

“सारं. तुले मालूम हाय म्हने. तुले हात जोडले म्हने त्यानं.”

अल्कानं सूप बाजूला ठेवलं. “अवो, तो गुंडाचं बोलत असन! व्याही चोर हाय! लगनानंतर तुमच्या छिन्नीच्या डब्यात ते चिठ्ठी सापडली मले, देवचंदनंच लिवली होती. माया वर्गातला, त्याचं अक्षर मले ओळखू येते. मी त्याले तवाच झापलं. मंग तो इथं येऊन बसाले लागला, तुमाले तेवढाच एक दोस्त. सांगून दोस्ती तोडू का?”

भोजराज खाटेवर बसला. देवचंदचा आता गळा धरावा की काय, हे ठरवायलाही त्याला उसंत नव्हती, कारण रुपया अजून सुपातच होता. “मंग हा?”

अल्कानं पदरानं डोळे पुसले, तांदळातून रुपया उचलला आणि तळहातावर ठेवला. बोलायला लागली तेव्हा ती भोजराजशी नाही, त्या रुपयाशी बोलते आहे असं वाटत होतं.

“मंडईत एक मानूस बसे. लिंबाखाली, पोत्यावर. दोन साल पायत होती मी त्याले. मान खाली, हात चालू. भवती येवढा कलकलाट, दंडार, गंमत, पन तो कोनाकडे पाये ना. पोरीबाळींकडे त नाईच नाई. मले वाटलं, किती साधा मानूस. मायच्या गळ्यातल्या माळीतला एक रुपया काढला, महिनाभर पाट्यावर घासला, बोटं सोलली. चिठ्ठी लिवली आन त्याच्याच हाती देल्ली. म्हटलं, कोरता कोरता वाचन. वाचल्यावर त मान वर करन.”

अल्कानं रुपया बोटानं पुसला.

“त्यानं कोरलं. फडक्यानं पुसलं. माया हातावर ठेवलं. मी हात तसाच ठेवला, उत्तरासाठी. लय वेळ ठेवला. मानसानं मान वर नाई केली. हातावर चार आने टाकले.” अल्का पुन्हा हसली. “चार दिवस जेवली नाई मी. म्हटलं, माहा जीव चार आन्याचा.”

“मले वाचता येत नोतं वो,” भोजराज म्हणाला. एवढ्या वर्षांत हे वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं.

“ते मले मंग समजलं. सालभरानं. तो गुंड झाला, तुमाले मारलं, सारं अर्जुनी हासून राहिलं होतं, आमच्या घरी बाबा हासत होते. मी एकटी परसात जाऊन रडली. आनंदानं. म्हटलं, त्याले वाचताच येत नाई! मंग त्यानं नाई म्हटलंच नाई! त्याच रोजी बाबाले सांगतलं, करीन त त्यालेच करीन.”

ज्या दिवसाची आठवण आली की आजही त्याचे कान तापत, ज्या हसण्याच्या भीतीनं तो सगळ्या जगाकडे तिरक्या नजरेनं बघत आला, त्याच दिवशी कोणी तरी त्याच्यासाठी परसात उभं राहून आनंदानं रडत होतं. आणि हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी त्यानं विश्वास ठेवला असता का? नसता ठेवला. हे मात्र त्याला स्वच्छ कळलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. आजवर वाटली त्याहून वेगळी लाज.

“मंग वाचाले शिकलो तवा काऊन नाई दाखवला?”

“दाखवनार होती. पन तवर आपली लेक रचना पोटात होती. म्हटलं, आता कायचं होय आन कायचं नाई.” अल्का उठली. “उद्या बुधवार हाय. देवचंदले काई बोलू नोका. बुढा झाला तो बी.”

“बोलतो त,” भोजराज पुटपुटला. “त्याचे पाय धरतो. त्यानं ते चिठ्ठी नसती लिवली त...”

तो आत गेला. फळीवरून पत्र्याचा डबा काढला. छिन्नीला गंज चढला होता, ती त्यानं उंबऱ्यावर घासली. ओसरीत पोतं अंथरलं, तसाच मांडी घालून बसला आणि हात पुढे केला. अल्कानं रुपया दिला. भोजराजनं तो उलटा करून लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवला आणि विलायतेच्या राजाच्या गालावर छिन्नी टेकवली. पहिला ठोका सरकला, राजाच्या नाकावर बसला. मग सुधारला. अल्कानं सुपात शिकवलं होतं तसं, आधी अक्षर, मग रेघ. दोनच अक्षरं, पण त्याला फार वेळ लागला. होय. जरा वाकडं आलं. फडक्यानं पुसलं.

अल्कानं हात पुढे केला. त्यानं त्यावर रुपया ठेवला.

हात तसाच राहिला.

या वेळी भोजराजनं मान वर केली. अल्का त्याच्याकडेच बघत होती.